आकाशाची तटबंदी

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर चाकण हे गाव लागते. आज त्याच्या आसपास मोटारींचे प्रचंड कारखाने उभे आहेत; परंतु गावाच्या कुशीत एका जुन्या भुईकोट किल्ल्याचे भग्न अवशेष अजूनही दिसतात. हाच संग्रामदुर्ग. १६६० साली शायिस्तेखानाच्या अफाट फौजेने त्यास वेढा दिला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा या शूर किल्लेदाराने मूठभर मावळ्यांनिशी तो सुमारे दोन महिने झुंजविला. किल्ल्याभोवती खंदक होता, तट होता, तटावर तोफा होत्या. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडविला, तेव्हाच किल्ला पडला. शत्रू जमिनीवरून येतो, आणि फार तर जमिनीखालून येतो, एवढेच त्या काळच्या किल्लेदाराला ठाऊक असावे लागे.

विसाव्या शतकात शत्रू आकाशातून येऊ लागला. विमानाला खंदक अडवीत नाही की डोंगर अडवीत नाही. मग भारतासारख्या विस्तीर्ण देशाच्या आकाशाला तट घालावा तरी कसा? स्वातंत्र्यानंतर पंधरा वर्षांनी हा प्रश्न एका मराठी माणसापुढे येऊन उभा राहिला. त्यांचे नाव यशवंतराव बळवंतराव चव्हाण. पिंपरीच्या मुलांना हे नाव नवे नाही. तेथील महानगरपालिकेच्या मोठ्या रुग्णालयाला तेच नाव आहे. लोक मात्र त्याला नुसते वायसीएम म्हणतात, आणि त्या तीन अक्षरांमागचा माणूस त्यामुळे थोडासा झाकला गेला आहे.

फिरंगोजीला शिवाजी महाराजांनी पुढे भूपाळगडाची किल्लेदारी दिली. तो गड आज सांगली जिल्ह्यात मोडतो. त्याच मुलखातील देवराष्ट्रे या खेड्यात, आजोळी, १२ मार्च १९१३ रोजी यशवंतरावांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आई विठाबाई यांना अक्षरओळख नव्हती. पण कष्टाची लाज नव्हती आणि मुलांनी शिकावे ही आच फार मोठी होती. थोरल्या भावांनी पोटाला चिमटा घेऊन धाकट्याला कराडच्या शाळेत शिकविले. त्या शाळेतली एक आठवण यशवंतरावांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. मोठेपणी तुम्ही कोण होणार, असे गुरुजींनी मुलांना विचारले. प्रत्येकाने एखाद्या थोर पुरुषाचे नाव सांगितले. यशवंताने मात्र आपण यशवंतराव चव्हाणच होणार, असे उत्तर दिले. गुरुजींना ते उत्तर क्षणभर अहंकाराचे वाटले. पण दुसऱ्याच्या मोठेपणावर आपण किती दिवस जगणार, हा विचार त्या मुलाच्या मनात तेव्हाच रुजला असावा. पुढे देशाच्या बाबतीतही त्यांनी तोच विचार केला, हे आपल्याला दिसेलच.

१९३२ साली, शाळेत असतानाच, कराडात तिरंगी झेंडा फडकविल्याबद्दल त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मुलाने माफी मागितली तर सुटका होऊ शकेल, असे विठाबाईंना सुचविण्यात आले. माउली मुलाला भेटायला गेली. पण माफी मागू नकोस, प्रकृतीला मात्र जप, एवढेच सांगून डोळ्यांतले पाणी पुसत परत फिरली. तुरुंगातून सुटल्यावर यशवंतरावांनी मॅट्रिकची परीक्षा दिली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून १९३८ मध्ये ते बी. ए. झाले आणि पुण्यात कायद्याचा अभ्यास करून १९४१ मध्ये वकील झाले. १९४२ च्या जूनमध्ये वेणूताईंशी त्यांचा विवाह झाला. दोनच महिन्यांत छोडो भारतची चळवळ पेटली आणि ते भूमिगत झाले. नववधू असलेल्या वेणूताईंनाही त्यापायी तुरुंग पाहावा लागला.

१९४६ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे राज्य जन्माला आले, तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच झाले. योगायोग असा, की मुंबईत नव्या राज्याचा सोहळा चालू होता त्याच दिवशी हजारो मैलांवर, सोव्हिएत संघाच्या आकाशात, एक निराळीच घटना घडली. अमेरिकेचे यू-२ नावाचे हेरगिरी करणारे विमान सुमारे वीस किलोमीटर उंचीवरून उडत चालले होते. इतक्या उंचीवर ना तोफेचा गोळा पोहोचत होता ना लढाऊ विमान. जमिनीवरून सुटलेल्या एका क्षेपणास्त्राने ते पाडले. सारे जग चकित झाले. आकाशाला तट घालता येतो हे त्या दिवशी सिद्ध झाले. त्या बातमीशी आपला कधी संबंध येईल, असे नव्या मुख्यमंत्र्यांना त्या गर्दीत वाटले नसेल.

त्यांच्यापुढे तेव्हा दुसरेच काम होते. राज्य नवे होते, आणि त्यातील बहुतेक कारखाने मुंबईत दाटीवाटीने उभे होते. १९६१ च्या जूनमध्ये साताऱ्याला देशातील पहिली सैनिकी शाळा सुरू झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. या महामंडळाची रीत साधी होती. माळरानाची जमीन सरकारने घ्यावी, तेथे रस्ते करावेत, पाणी आणावे, वीज आणावी आणि आखलेले भूखंड कारखानदारांना द्यावेत. पिंपरी येथे पेनिसिलिन तयार करणारा हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा कारखाना आधीच उभा होता. पवना नदीचे पाणी जवळ, मुंबईचा रस्ता जवळ, लोहमार्ग तर दारातूनच जात होता. महामंडळाने पिंपरी, चिंचवड आणि भोसरीच्या माळावर मोठे औद्योगिक क्षेत्र उभारले. जेथे बाजरी डोलत असे तेथे स्कूटरी, ट्रक आणि यंत्रांचे सुटे भाग होऊ लागले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांना ते सोसावे लागले, हेही विसरता कामा नये. चाकणची पाळी पुष्कळ वर्षांनी आली. पण लोखंडाचा केसाएवढा थर अचूक कातून काढणारे कारागीर या परिसरात पिढ्यान् पिढ्या तयार होत राहिले, त्याचा आरंभ येथे झाला.

महामंडळाला पुरते तीन महिनेही झाले नव्हते, तोच उत्तरेकडून वीज कोसळली. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या सैन्याने हिमालयाच्या सीमेवर हल्ला चढविला. आपले जवान पुरेशा उबदार कपड्यांवाचून आणि जुन्या बंदुकांनिशी लढले आणि बर्फात धारातीर्थी पडले. एकामागून एक ठाणी गेली. कोलकात्यावर बाँब पडले तर काय करायचे, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. शत्रूचे विमान दुरून दाखवील अशी रडार यंत्रे थोडी होती. ध्वनीहून वेगाने उडणारी लढाऊ विमाने नव्हती. क्षेपणास्त्र तर एकही नव्हते. शत्रूने शहरांवर उलट हल्ला केला तर ती उघडी पडतील, या धास्तीने आपल्या लढाऊ विमानांना त्या युद्धात उतरविलेच नाही. शेवटी पंतप्रधान नेहरूंना अमेरिकेकडे विमाने आणि रडार मागावी लागली. स्वाभिमानी देशाच्या वाट्याला यावा असा तो प्रसंग नव्हता.

त्या दिवसांत नेहरूंनी यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलाविले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, असे महाराष्ट्रातील लोक अभिमानाने म्हणू लागले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी शपथ घेतली. त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. युद्ध थांबले होते, पण पराभवाची राख साऱ्या देशभर पसरली होती. सैन्याचे मन खचले होते आणि सेनापती व मंत्री यांच्यात विश्वास उरला नव्हता. यशवंतरावांनी प्रथम ऐकून घेतले. सैनिकी डावपेचांत आपण ढवळाढवळ करावयाची नाही, परंतु सैन्याला लागेल ते मिळवून द्यावयाचे, ही मर्यादा त्यांनी स्वतःला घालून घेतली आणि ती पाळली. त्यांच्या साऱ्या कारकीर्दीत हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो.

आता, मुलांनो, आकाशाचा तट कशाचा बनतो ते थोडे समजून घ्या. डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली की प्रतिध्वनी येतो. प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून कडा किती दूर आहे ते सांगता येते. रडार असेच रेडिओ लहरींची हाक मारते. या लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतात. म्हणून तीनशे किलोमीटरांवरच्या विमानाचा प्रतिध्वनी एका सेकंदाच्या दोन सहस्रांश भागात परत येतो. विमान दिसले, तरी काम तेथे संपत नाही, उलट सुरू होते. विटी झेलणारा मुलगा विटी आता कोठे आहे तिकडे धावत नाही, ती कोठे पडणार आहे तिकडे धावतो. क्षेपणास्त्रालाही तसेच धावावे लागते. विमान वळले तर त्यालाही वळावे लागते. त्यासाठी जमिनीवरील गणकयंत्र क्षणाक्षणाला हिशेब मांडते आणि वर आज्ञा पाठविते. म्हणजे डोळा, मेंदू, आवाज आणि हात अशी चारही इंद्रिये या तटाला लागतात. त्यांतले एक जरी चुकले तरी बाकीची तीन फुकट जातात.

आणि लांब पल्ला कशाला हवा? ताशी नऊशे किलोमीटर वेगाने येणारे विमान एका मिनिटात पंधरा किलोमीटर तोडते. ते दीडशे किलोमीटरांवर असताना दिसले तर आपल्या हाती दहा मिनिटे असतात. ध्वनीच्या दुप्पट वेगाने येत असेल तर चारच मिनिटे. लांब पल्ला याचा अर्थ दूरवर मारा एवढाच नव्हे. त्याचा खरा अर्थ वेळ. घरादारांतली माणसे आसऱ्याला जातील एवढा वेळ.

हा वेळ विकत मिळेल का, हे पाहण्यासाठी यशवंतराव १९६४ च्या मे महिन्यात अमेरिकेला गेले. एफ-१०४ जातीची वेगवान लढाऊ विमाने भारताला हवी होती. ती पाकिस्तानला मिळाली होती. आपल्याला मात्र मिळाली नाहीत. यशवंतराव तेथे असतानाच, २७ मे रोजी, नेहरू गेल्याची वार्ता येऊन धडकली आणि ते तातडीने परतले. ऑगस्टअखेरीस ते मॉस्कोला गेले. सोव्हिएत संघाशी मिग-२१ विमानांचा व्यवहार आधीच, १९६२ मध्ये, ठरला होता आणि १९६३ पासून पहिली विमाने येऊही लागली होती. परंतु यशवंतरावांचा आग्रह वेगळा होता. नुसती विमाने नकोत, ती करण्याची विद्या हवी. त्याप्रमाणे विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे आणि विद्युत उपकरणे हैदराबाद येथे करावयाचे काम सुरू झाले. १९६० मध्ये यू-२ पाडणाऱ्या क्षेपणास्त्राची आठवण आहे ना? भारताने सोव्हिएत संघाकडून जी पहिली हवाई संरक्षक क्षेपणास्त्रे घेतली ती त्याच जातीची होती. लांबी दहा मीटरांहून अधिक, पल्ला तीसेक किलोमीटर. १९६४ ते १९६९ या काळासाठी संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना आखली गेली. तीत सव्वाआठ लाखांचे सैन्य, ४५ तुकड्यांचे हवाई दल आणि रडारची साखळी यांची तजवीज होती.

ही योजना पुरी व्हायला अजून अवकाश होता. पाकिस्तानने थांबायचे ठरविले नव्हते. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागात त्याचे पॅटन रणगाडे भारताच्या हद्दीत घुसले. दुपारनंतर सेनाप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. विमानांचा हल्ला केल्याखेरीज रणगाडे थांबणार नव्हते. पण विमाने सोडणे म्हणजे युद्धाची व्याप्ती वाढविणे, आणि १९६२ मध्ये नेमके तेच धाडस झाले नव्हते. यशवंतरावांनी लांबलचक चर्चा केली नाही. काही मिनिटांतच त्यांनी परवानगी दिली. सूर्य मावळण्यापूर्वी पठाणकोटहून विमाने उडाली. रणगाड्यांचा वेग मंदावला. पण त्या संध्याकाळी जुन्यापुराण्या व्हॅम्पायर जातीची आपली चार विमाने परत आली नाहीत. परवानगी देणाऱ्याला त्या रात्री झोप कशी लागली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

पुढे ६ सप्टेंबरला पाकिस्तानी विमाने अचानक पठाणकोटच्या तळावर आली आणि जमिनीवर उभी असलेली आपली सुमारे दहा विमाने त्यांनी जाळली. त्यांत नवी कोरी मिग-२१ विमानेही होती. डोळे आणि आवाज वेळेवर पोहोचले नाहीत तर केवढी किंमत मोजावी लागते, ते त्या धुरात दिसले. अमेरिकेने दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा ऐन युद्धात थांबविला. बावीस दिवसांच्या लढाईत भारताचे सैन्य आणि हवाई दल खंबीरपणे उभे राहिले आणि तीन वर्षांपूर्वीचा डाग पुष्कळसा धुऊन निघाला. तरीही उसन्या ढालीचा भरवसा किती, हा प्रश्न यशवंतरावांच्या मनात अधिक खोल गेला असणार.

१९६६ मध्ये ते गृहमंत्री झाले, मग अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. १९७२ च्या सुमारास, ते अर्थमंत्री असताना, हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने एक अवघड काम हाती घेतले. सोव्हिएत क्षेपणास्त्राचा भाग नि भाग उलगडून तसेच क्षेपणास्त्र येथे तयार करावयाचे. या कामाचे गुप्त नाव डेव्हिल, म्हणजे सैतान, असे विचित्र ठेवले होते. १९८० मध्ये ते बंद झाले. सैन्याच्या हाती एकही क्षेपणास्त्र पडले नाही आणि पैसा वाया गेला, अशी टीका झाली. पण इंजिन कसे घडवावे, धातू कसा जोडावा, कोठे चुकते, हे शास्त्रज्ञांना तेथेच उमगले आणि पुढे पृथ्वी क्षेपणास्त्रासाठी त्या ज्ञानाचा उपयोग झाला. शाळेत वहीतील खोडलेली गणिते आपण फाडून टाकीत नाही, तसेच हे.

यशवंतरावांचे अखेरचे दिवस एकाकी गेले. १९८३ च्या जूनमध्ये वेणूताई गेल्या. त्यांच्या नावाचे स्मारक त्यांनी कराडला उभारावयास घेतले. आयुष्यभर जमविलेले त्यांचे ग्रंथ आज तेथेच आहेत. वेणूताई गेल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात सरकारने क्षेपणास्त्र विकासाच्या एका एकत्रित कार्यक्रमास मंजुरी दिली आणि डॉ. अब्दुल कलाम यांच्याकडे त्याची धुरा सोपविली. त्या कार्यक्रमातील पाच क्षेपणास्त्रांपैकी एकाचे नाव होते आकाश. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावांनी दिल्लीत देह ठेवला. कराडला कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

आकाशचे पहिले उड्डाण १९९० साली झाले. त्याचा पल्ला सुमारे पंचवीस किलोमीटर. त्यानंतर अधिक दूर जाणारी क्षेपणास्त्रे आली, आणि आता दीडशेपासून साडेतीनशे किलोमीटरपर्यंत मारा करील अशी स्वदेशी यंत्रणा कुशा या नावाने आकार घेत आहे. क्षेपणास्त्र सोडण्यासाठी एक फिरता मंच लागतो. आकाशची तीन क्षेपणास्त्रे, प्रत्येकी सातशे वीस किलो वजनाची, अंगावर घेऊन त्याला कोणत्याही दिशेला झटकन वळावे लागते आणि सुटताना बसणारा हिसका सोसूनही जागचे हलता येत नाही. या मंचाची रचना भोसरीहून आळंदीकडे जाणाऱ्या वाटेवर, दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेतील अभियंत्यांनी केली.